जमिनीची ओल : बागलाणच्या शेतीपुढचा दुर्लक्षित प्रश्न

मे महिन्याच्या अखेरीस सटाण्याच्या बाजारात दोन शेतकरी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "विहिरीला पाणी किती आहे?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "बोअर किती फुटांवर लागली?" धरणातील साठ्याची टक्केवारी वर्तमानपत्रात रोज छापून येते. शेततळ्यात किती फूट पाणी उरले, हेही बांधावर उभे राहून दिसते. परंतु आपल्या शेताच्या मातीत किती पाणी मावते आणि त्यातले किती आपण मावू देतो, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या तोंडी येतो. वास्तविक पिकाच्या मुळांना विहीर ठाऊक नसते आणि धरणही ठाऊक नसते. त्यांना ठाऊक असते ती केवळ ओल. पाणी कोठूनही आणले तरी अखेरीस ते मातीच्या हवाली करावे लागते. मातीने ते धरून ठेवले तर पीक जगते, नाही तर सारा खर्च वाया जातो.

हा विषय आज घेण्याचे कारण असे की बागलाण तालुक्यातील पाऊस आता पूर्वीच्या वळणाने पडत नाही, याचा अनुभव आपल्या धर्मप्रांतातील शेतकरी कुटुंबांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना वर्षानुवर्षे येत आहे. २०१८ साली राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बागलाणचा समावेश होता. लगेच पुढच्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अवकाळी पावसाने याच पट्ट्यातील लवकर छाटणीच्या द्राक्षबागा धुऊन नेल्या. एका वर्षी पाणी नाही म्हणून नुकसान आणि दुसऱ्या वर्षी पाणी नको तेव्हा आले म्हणून नुकसान, असा हा प्रकार आहे. पाऊस आपल्या हातात नाही. तो पडल्यावर जमीन त्याचे काय करते, हे मात्र बऱ्याच अंशी आपण ती जमीन कशी राखतो यावर अवलंबून असते. किती अंशी, याचाच येथे विचार करावयाचा आहे. कारण या विषयात अतिशयोक्तीही पुष्कळ झाली आहे.

प्रथम आपला प्रदेश डोळ्यांसमोर आणू. तालुक्याच्या पश्चिमेला साल्हेरचा किल्ला १५६७ मीटर उंचीवर उभा आहे. सेलबारी-डोलबारीच्या रांगांतून मोसम आणि आरम या नद्या पूर्वेकडे उतरतात. मोसमवर हरणबारीचे आणि आरमवर केळझरचे धरण आहे. सटाणा शहर आरमच्या काठी वसले आहे आणि दक्षिणेकडून गिरणा वाहते. डोंगराकडे पाऊस बरा असतो, पूर्वेकडे येता येता तो घटत जातो. सटाण्याच्या आसपास वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस धरून चालावे लागते. नद्यांच्या काठाने काळी, खोल जमीन आहे. डोंगरउतारावर आणि माळावर मुरमाड, हलकी जमीन आहे. तेथे एक वीत ते एक हात माती खणली की खाली मुरूम लागतो.

आता थोडा हिशेब करू. एक एकर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी पडले. पाचशे मिलिमीटर म्हणजे एकरी वीस लाख लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. आपण ज्याला दुष्काळी तालुका म्हणतो, तेथे प्रत्येक एकरावर आकाशातून दरवर्षी एवढे पाणी येते. ते सगळे धरून ठेवता येत नाही, येऊही नये. काही नाल्याला, नदीला आणि भूगर्भाला जाणारच. पण जमिनीची धारणशक्ती किती? चांगल्या काळ्या जमिनीच्या एक मीटर खोलीत पिकाला उचलता येईल असे १५० ते २०० मिलिमीटर पाणी राहू शकते. म्हणजे एकरी सहा ते आठ लाख लिटर. याउलट फूटभर खोलीच्या मुरमाड जमिनीत तीसेक मिलिमीटर मावले तरी पुष्कळ झाले. एकाच गावात, एकाच पावसात, एका शेतकऱ्याकडे दुसऱ्याच्या पाच-सहा पट मोठी टाकी असते ती अशी.

आणखी एक तुलना उद्बोधक आहे. आपल्या पायाखालचा खडक हा बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ. झिजून सुटलेल्या, पाणीदार म्हणवल्या जाणाऱ्या बेसाल्टच्या एका घनमीटरमधून विहिरीला फार तर १० ते ३० लिटर पाणी मिळते. तेवढ्याच काळ्या मातीत पिकासाठी १५० ते २०० लिटर पाणी असते. पाचशे, सातशे, हजार फूट खोल जाऊन आपण ज्या भांड्यात पाणी शोधतो, ते भांडे वरच्या मातीच्या भांड्यापेक्षा कितीतरी लहान आहे. अर्थात मातीतील ओल मोटारीने उपसता येत नाही, विकता येत नाही आणि शेजाऱ्याला दाखवताही येत नाही. म्हणूनच बहुधा तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

माती पाणी धरते म्हणजे नेमके काय करते? मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्यांतल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी खाली उतरते आणि हवा खेळते, तर बारीक पोकळ्यांत ते अडकून राहते. जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवसांनी मोठ्या पोकळ्या रिकाम्या होतात आणि बारीक पोकळ्या भरलेल्या असतात, त्या अवस्थेलाच आपले शेतकरी 'वाफसा' म्हणतात. विज्ञानाला या अवस्थेसाठी मोठमोठी परिमाणे वापरावी लागतात. आपल्या वाडवडिलांनी ती पायाच्या तळव्याने आणि मुठीत माती दाबून ओळखली. वाफशापासून पीक सुकून मान टाकेपर्यंत जे पाणी मुळांना मिळते, तेच खरे कामाचे पाणी होय. चिकणमातीत त्यानंतरही पाणी शिल्लक असते. पण ते कणांनी इतके घट्ट धरलेले असते की मुळांना ते ओढता येत नाही.

पेरणाऱ्याचा दाखला आपण मिस्सेच्या वेळी कितीतरी वेळा ऐकला आहे. खडकाळ जमिनीवर पडलेले बी का सुकले, याचे कारण मत्तय आणि मार्क सांगतात ते मातीच्या उथळपणाचे. लूक मात्र ओलाव्याचा अभाव हे कारण नोंदवतो. बागलाणच्या माळावर शेती करणाऱ्याला या दोन कारणांत काहीच विसंगती वाटणार नाही. माती उथळ म्हणजेच ओल कमी.

जमिनीची खोली आणि पोत या देणग्या आहेत, त्या एका पिढीत फारशा बदलत नाहीत. बदलतात त्या दोन गोष्टी : पावसाचे पाणी आत शिरण्याचे दार आणि आत शिरलेले पाणी पुन्हा उडून जाण्याचा वेग. शेतीच्या पद्धतीचा परिणाम प्रामुख्याने या दोन ठिकाणी होतो.

दार कसे बंद होते ते पाहू. मोठ्या पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. जमीन उघडी, भुसभुशीत आणि पिठासारखी बारीक केलेली असेल तर थेंबाच्या माराने ढेकळे फुटतात. सुटे झालेले बारीक कण पोकळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतात आणि वर एक पातळ पापुद्रा धरतो. मग खाली माती कोरडी असतानाही वरून पाणी वाहू लागते. पावसानंतर शेतात गेल्यावर वर चिखल आणि चार बोटे खाली धूळ, हा अनुभव कोणाला आला नसेल? वाहणारे पाणी सोबत सर्वांत सुपीक माती नेते. ती खालच्या धरणात गाळ म्हणून साठते आणि तेथेही पाण्याची जागा खाते.

रोटाव्हेटरचा अतिवापर हा या बाबतीत मोठा दोष आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका फेरीत शेत गादीसारखे दिसते, वेळ वाचतो आणि मजुरी वाचते, हे खरे. पण ही गादी पहिल्याच वळवाच्या सरीने बसते. शिवाय दरवर्षी त्याच खोलीवर फिरणारी पाती आणि ट्रॅक्टरचे वजन यांमुळे वीतभर खाली एक कठीण थर तयार होतो. पाणी त्या थरापर्यंत उतरते आणि आडवे पसरते. मुळेही तेथेच वळतात. ज्याच्याकडे मीटरभर खोल काळी जमीन आहे, तो शेतकरी अशा रीतीने स्वतःच्या हाताने फूटभर जमिनीचा मालक होऊन बसतो.

काळ्या जमिनीचे एक वेगळेच वैशिष्ट्य आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस या भेगांवाटे थेट खोलवर जातो. ही निसर्गाची सोय आहे. पण माती फुगली की भेगा मिटतात आणि त्यानंतर तीच जमीन पाणी अत्यंत संथपणे आत घेते. म्हणून काळ्या जमिनीत पाणी जिरवणे आणि जास्तीचे पाणी बाहेर काढणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. रुंद सरी-वरंबा पद्धतीचे महत्त्व येथे आहे. पीक वरंब्यावर राहते. सरीत पाणी थांबते, जिरते आणि फार झाले तर सावकाश बाहेर जाते. कांद्यासाठी राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने १२० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच गादीवाफ्याची आणि मध्ये ४५ सेंटिमीटरच्या सरीची शिफारस केली आहे, ती याच तत्त्वावर. कांद्याची बहुतेक मुळे वरच्या वीतभर मातीत असतात. त्यामुळे खालची ओल त्याला फारशी उपयोगी पडत नाही, आणि वर पाणी साचले तर तो लगेच सडतो. सपाट वाफ्यात पाणी कोंडून भिजवण्याची जुनी सवय या पिकाला दोन्ही बाजूंनी मारते.

आता हवामानबदलाकडे वळू. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. या एका वस्तुस्थितीचे दोन परिणाम होतात. ढग जेव्हा बरसतात तेव्हा अधिक जोराने बरसतात, आणि जेव्हा बरसत नाहीत तेव्हा हीच तहानलेली हवा जमिनीतून आणि पानांतून अधिक पाणी ओढून घेते. भारतीय शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात या पट्ट्यातील एकूण मोसमी पाऊस मात्र कमी झाला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर रिमझिम घटली आणि मुसळधार वाढली. तीन दिवस संततधार पडणारा साठ मिलिमीटर पाऊस बरड जमिनीतही बराचसा मुरतो. तोच साठ मिलिमीटर पाऊस तासाभरात कोसळला तर पापुद्रा धरलेल्या उघड्या रानातून त्यातला मोठा हिस्सा नाल्याला जातो. पावसाची बेरीज कागदावर तेवढीच राहिली, तरी जमिनीपुरता दुष्काळ वाढलेला असतो.

यावर उपाय म्हणून सेंद्रिय कर्ब वाढवा, असे प्रत्येक मेळाव्यात सांगितले जाते. ते योग्यच आहे. महाराष्ट्रात ०.४ टक्क्यांपर्यंतचे कर्बाचे प्रमाण कमी समजले जाते आणि अनेक शेतांच्या मृद आरोग्य पत्रिकांवर याच्या आसपासचेच आकडे असतात. मात्र 'कर्ब एक टक्क्याने वाढला की जमीन लाखो लिटर जादा पाणी धरते' असे जे सांगितले जाते, ते तपासून घेतले पाहिजे. जगभरातील मोजणीचे आकडे एकत्र करून २०१८ साली झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष बराच नम्र आहे. कर्ब एक टक्क्याने वाढला तर दर शंभर मिलिमीटर मातीमागे पिकाला मिळणारे पाणी सरासरी केवळ सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर वाढते. हलक्या, वाळूसर जमिनीत थोडे अधिक आणि चिकण जमिनीत त्याहून कमी. फूटभर मातीसाठी हा हिशेब एकरी चौदा-पंधरा हजार लिटर होतो, म्हणजे दीड टँकर. त्यातही आपल्या उष्ण प्रदेशात कर्ब एक टक्क्याने वाढवणे हे वर्षा-दोन वर्षांचे काम नव्हे. उन्हाच्या तडाख्यात सूक्ष्म जीव तो झपाट्याने खाऊन टाकतात आणि तापमान वाढेल तसा हा वेगही वाढणार आहे.

मग शेणखत, हिरवळीचे खत, पालापाचोळा हे सर्व व्यर्थ का? मुळीच नाही. त्यांचा खरा लाभ टाकी मोठी होण्यात नाही, दार उघडे राहण्यात आहे. कुजणाऱ्या पदार्थांवर वाढणाऱ्या बुरशीचे धागे, सूक्ष्म जीवांचा चिकटा आणि गांडुळांची विष्ठा यांनी मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. अशी रवाळ माती थेंबाच्या माराने सहजी फुटत नाही. गांडुळांची बिळे आणि जुन्या मुळांच्या नळ्या पाणी खाली नेतात. समजा, चाळीस मिलिमीटरच्या एका सरीतून पूर्वी पंचवीस मिलिमीटर पाणी मुरत होते आणि आता पस्तीस मुरू लागले. फरक दहा मिलिमीटरचा, म्हणजे एकरी चाळीस हजार लिटर, तोही एका सरीत. अशा चार-पाच मोठ्या सरी हंगामात आल्या तर कर्बाच्या दीड टँकरचा हिशेब कोठल्या कोठे मागे पडतो. शेतकऱ्याला चुकीच्या कारणासाठी योग्य गोष्ट सांगितली तर दोन वर्षांत त्याचा विश्वास उडतो. म्हणून हा भेद सांगणे आवश्यक वाटले.

दुसरी बाजू उडून जाणाऱ्या पाण्याची. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे उघड्या भांड्यातील पाणी दिवसाला आठ-दहा मिलिमीटरने घटते. ओल्या उघड्या जमिनीचीही सुरुवातीला तीच गत होते. यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे आच्छादन. बाजरीचे सरमड, मक्याची ताटे, गव्हाचा भुसा, उसाचे पाचट, जे हाताशी असेल ते. आच्छादनाने ऊन थेट मातीला लागत नाही, थेंबाचा मार बसत नाही आणि तण दबते. म्हणजे दार आणि झाकण दोन्ही एकाच वेळी सांभाळले जाते. आच्छादन शक्य नसेल तेथे कोळपणी. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी सांगत. त्यात तथ्य आहे. वरचा थर मोडला की खालून वर चढणाऱ्या पाण्याची वाट तुटते आणि काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात.

परंतु येथे एक अडचण आहे आणि ती मेळाव्यांतून सांगितली जात नाही. मक्याची ताटे आणि बाजरीचे सरमड हा जनावरांचा चारा आहे. दुष्काळी वर्षात तर तो पैशांनी विकत घ्यावा लागतो. जमिनीवर अंथरायचा की गायीपुढे टाकायचा, हा प्रश्न अल्पभूधारक कुटुंबासाठी पुस्तकी नाही. शिवाय घरोघरची जनावरे कमी झाली, तसे शेणखतही दुर्मीळ आणि महाग झाले. त्यामुळे जे शक्य आहे तेथूनच आरंभ करावा लागेल. ताटे जाळू तरी नयेत. गुडघ्याएवढे बुडखे आणि मुळे जमिनीतच राहू द्यावीत. कांद्याआधी एखाद्या तुकड्यावर ताग किंवा धैंचा घेऊन फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास गाडावा. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा पद्धतीत नांगरणी टाळून कायमस्वरूपी गादीवाफे ठेवतात आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. ती पद्धत प्रथम भातासाठी पुढे आली. बागलाणच्या मका-कांदा फेरपालटात ती जशीच्या तशी लागू पडेल असे नाही, पण एका गुंठ्यावर करून पाहण्यास हरकत नसावी.

मुरमाड जमिनीचे गणित निराळे आहे. तेथे दार बहुधा उघडेच असते, टाकीच लहान असते. अशा जमिनीला तलावातील गाळ हे खरे वरदान ठरते. २०१७ साली सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या शासकीय योजनेचा विचार तोच होता : आपल्याच शेतांतून वाहून गेलेली माती परत आणायची. गाळ आणण्याआधी त्यातील क्षार आणि चुनखडी तपासून घ्यावी आणि तो आधीच भारी असलेल्या जमिनीत टाकू नये, एवढे पथ्य पाळावे.

डाळिंबवाल्यांचा अनुभव मात्र या सगळ्याला छेद देतो, आणि तोही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. डाळिंबाला बहर धरण्यासाठी ताण द्यावा लागतो. ओल धरून ठेवणाऱ्या भारी जमिनीत हा ताण नीट बसत नाही आणि पाणी साचले की मर रोगाचे भय वाढते. म्हणून निचऱ्याची हलकी जमीन या पिकाला मानवते. याचा अर्थ अधिक ओल सर्वत्र आणि सर्वकाळ चांगलीच, असे नाही. कोणत्या जमिनीत कोणते पीक, हा निर्णय सर्वांत आधीचा. त्यात चूक झाली तर पुढची सगळी मेहनत ती चूक झाकण्यात जाते.

शेततळ्यांविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. ज्याच्या शेतात पावसाचे वाहते पाणी अडवून ते भरले जाते, त्याचे कौतुकच केले पाहिजे. पण प्लास्टिक अंथरलेली अनेक तळी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून भरली जातात. भूगर्भात सावलीत असलेले आणि सर्वांचे असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवायचे, आणि उन्हाळ्यात त्यातून रोज सहा हजार लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जाऊ द्यायचे, याला जलसंधारण म्हणणे कठीण आहे. त्याची किंमत शेजारची विहीर मोजते. साधारण तीन एकर खोल काळी जमीन नीट राखली तर तेवढेच पाणी तिच्या पोटात राहते, तेही प्लास्टिकवाचून.

शेजाऱ्याचा उल्लेख आला म्हणून एका जुन्या व्यवस्थेची आठवण करून देणे योग्य होईल. मोसम, आरम आणि धुळे जिल्ह्यातील पांझरा या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धती चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात बारमाही पीक, कोणत्या फडात एक हंगामी आणि कोणता पडीक ठेवायचा, हे पाण्याचा अंदाज घेऊन ठरत असे आणि दरवर्षी ते फिरते असे. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी. प्रत्येकाने स्वतःच्या शेतात स्वतः दार फोडण्याची मुभा नव्हती. तज्ज्ञांनी या पद्धतीचे गोडवे गाइले आहेत ते पाणीवाटपाच्या न्यायासाठी. परंतु तिच्यात जमिनीचेही शहाणपण होते. फेरपालट आणि विश्रांती सक्तीची असल्याने कोणतीही जमीन सतत पाण्याखाली राहून चोपण होत नसे. जमीन चोपण झाली की सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात आणि पाणी वर नुसते चमकत राहते. धरणे आली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि फडांचा धाक ओसरला. कोणाच्याही परवानगीवाचून कोणतेही पीक घेण्याचे स्वातंत्र्य मिळाले. त्याची भरपाई जमीन कशी करत आहे, हे आपण पाहतोच आहोत.

आपल्या ख्रिस्तसभेलाही या कामाचा वारसा आहे. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागात आपले आयुष्य वेचले. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागे त्यांची प्रेरणा होती, आणि १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत माथ्यापासून पायथ्याकडे काम झाले. आधी डोंगरावर समपातळी चर आणि झाडे, मग शेताचे बांध, आणि शेवटी नाल्यावरचे बंधारे. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बहुधा काम नाल्यापासून सुरू होते, कारण तेथे यंत्र चालते आणि छायाचित्र चांगले येते. त्या कार्यक्रमात गावाने श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आधी मान्य करावी लागे, तेव्हाच पैसा येई. चराईबंदीची झळ भूमिहीन शेळीपालकांना सर्वांत आधी लागते, हेही तेथे शिकावे लागले.

आणखी एक धडा नगरजवळच्या हिवरे बाजारने दिला. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाणी अडवले, पण तेवढ्यावर न थांबता शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना बंदी केली. कारण अडवलेल्या पाण्याच्या भरवशावर प्रत्येकाने पाणीखाऊ पीक वाढवले तर पाच वर्षांत गाव पुन्हा टँकरवर येते. ओल राखण्याचे काम बांधाच्या आत एकट्याने करता येते. राखलेल्या ओलीवर काय पिकवायचे, याबाबत मात्र गावाला एकत्र बसावे लागते. सटाण्याला दुष्काळात सर्वांसाठी हात मोकळा करण्याची परंपरा नवी नाही. १८७० च्या सुमाराच्या दुष्काळात येथील मामलेदार यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, त्यांना हे गाव आजही देवमामलेदार म्हणून पुजते.

ज्यांना आपल्या शेताची स्थिती स्वतः पाहायची आहे त्यांच्यासाठी दोन सोप्या चाचण्या येथे देत आहोत. त्यांना खर्च नाही.

पहिली चाचणी : शेतातील वरच्या थराचे सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ घ्यावे आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात अलगद सोडावे. बांधावरच्या, कधीही न नांगरलेल्या गवताखालच्या मातीचे तसेच ढेकूळ दुसऱ्या पेल्यात सोडावे. शेतातील ढेकूळ लगेच विरघळून तळाशी चिखल झाला आणि बांधावरचे टिकून राहिले, तर पावसात आपल्या शेताचे काय होते ते पेल्यात दिसेल.

दुसरी चाचणी : सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटे ठोकावा. त्यात साडेचारशे मिलिलिटर पाणी ओतावे. डब्यात ते एक इंच होते. ते जिरले की तेवढेच पुन्हा ओतावे आणि हे दुसरे पाणी जिरण्यास किती मिनिटे लागली ते घड्याळावर पाहावे. हाच प्रयोग शेताच्या मध्यभागी, ट्रॅक्टरच्या चाकोरीत, आच्छादन केलेल्या तुकड्यात आणि बांधावर करावा. काळ्या जमिनीत भेगा असताना करू नये, वाफशावर करावा. मिनिटांचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, त्याच डब्याने पुन्हा मोजावा.